पेन्सिलीतला आकडा

आईला जाऊन सव्वीस दिवस झाले होते आणि तिला कामावर परत येऊन पाच, तेव्हा तो प्रश्न तिच्या टेबलावर आला.

गुलाबी कागद, कोपऱ्यात तारा. तारा असला की मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि वर सदस्य विचारतील त्या उपप्रश्नांनाही तोंड द्यावं लागतं. तारा नसला की उत्तर नुसतं छापून मिळतं, आणि छापलेल्या कागदाला कुणी उलट विचारत नाही. खात्यात तिची एकोणीस वर्षं झाली होती, त्यातली चौदा ह्या एकाच कामात. सदस्यांनी विचारायचं, तिने उत्तराचा मसुदा करायचा, उपसचिवांनी सही करायची आणि मंत्र्यांनी वाचून दाखवायचं. आई ह्यावर हसायची. "म्हणजे बाहुला त्यांचा आणि आवाज तुझा," म्हणायची. "मग पोशाख तरी बरा शिवून घ्या म्हणावं."

प्रश्न विरोधी बाकांवरच्या मास्तरांचा होता. राजकारणात येण्याआधी ते शाळेत गणित शिकवत. आमदारकीला वीस वर्षं झाली तरी सगळे त्यांना मास्तरच म्हणत, आणि तेही सभागृहात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखेच उभे राहत. प्रश्नाचे चार भाग होते.

'(१) गृहशुश्रूषा योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचे अर्ज सहा महिन्यांहून अधिक काळ प्रलंबित आहेत, हे खरे आहे काय; (२) योजनेतील परिचारिकांची निम्मी पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय; (३) परिचारिकेची वाट पाहत असताना अनेक अर्जदारांचा मृत्यू झाला आहे, हे खरे आहे काय; (४) असल्यास, त्यांची संख्या किती?'

तिने तिसरा भाग दोनदा वाचला. मग कागद पालथा घातला आणि पाणी पिऊन आली.

गृहशुश्रूषा योजना तिच्याच खात्याची. जे पलंगावरून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी आठवड्यातून दोनदा परिचारिका जाते, जखमा धुते, नळी बदलते, घरच्यांना चार गोष्टी शिकवते. अर्धांगवायूनंतर आईची उजवी बाजू गेली आणि पाचव्या महिन्यात पाठीला जखमा झाल्या, तेव्हा तिने आईच्या नावाने अर्ज भरला. रांगेत भरला, सगळे भरतात तसा. पावती घेतली.

धाकटा भाऊ तेव्हाच म्हणाला होता, "ताई, एक फोन कर ना. तुझंच खातं आहे."

"आणि आपल्या पुढे जे आहेत त्यांनी काय करायचं?"

"त्यांच्याही घरात तुझ्यासारखी कुणी असती तर तिने केला असता."

"म्हणून तर मी नाही करणार."

आईने पलंगावरून, तोंडाच्या चालत्या अर्ध्या भागाने, तिचीच बाजू घेतली होती. "बरोबर आहे तिचं. दुसऱ्याच्या पायावर पाय देऊन नको." भाऊ बसच्या आगारात मिस्त्री होता. सकाळी सहाला आईला कुशीवर वळवून जायचा, दुपारी सायकलवरून येऊन दुसऱ्या कुशीवर वळवून परत जायचा. सात महिने. जखमा वाढत गेल्या, मग त्यांत जंतू गेले, मग ताप, आणि मग चार दिवसांत सगळं आटोपलं. परिचारिका आली नाही. आलं ते खात्याचं पत्र, आई गेल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, आईच्या नावावर.

भावानेच फोडलं. वाचलं, आणि तिच्यापुढे धरलं. "घे. आईला तुझ्या खात्याचं पत्र आलंय. म्हणणं मांडायला सांगितलंय."

'आपला अर्ज निकाली काढण्यात आला असून याबाबत आपले काही म्हणणे असल्यास ते तीस दिवसांत लेखी कळवावे.'

छापील नमुना होता. त्यातला शब्दन् शब्द तिला पाठ होता, कारण सहा वर्षांपूर्वी तो तिनेच लिहिला होता.

हे मात्र भावाला ठाऊक नव्हतं. कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं. सहा वर्षांपूर्वी असाच एक ताऱ्याचा प्रश्न आला होता आणि प्रलंबित अर्जांचा आकडा इतका फुगला होता की उपसचिवांची झोप उडाली होती. तिने याद्या मागवल्या, रकाने तपासले आणि तिच्या लक्षात आलं की प्रलंबितांतली बरीच माणसं हयातच नाहीत. मेलेल्या माणसाचा अर्ज प्रलंबित कसा म्हणायचा? तो मंजूरही नाही, नामंजूरही नाही. तिने एक तिसरा रकाना सुचवला: निकाली. अर्जदार गाव सोडून गेला, त्याने अर्ज मागे घेतला, तो वारला, सगळे त्यात. साप मेला आणि काठीही मोडली नाही. परिपत्रक निघालं, प्रलंबितांचा आकडा एका रात्रीत तिसऱ्या हिश्श्याने उतरला आणि सभागृहात कुणाला बोट ठेवायला जागा उरली नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं. तिला प्रशस्तिपत्र मिळालं.

आईने ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं. "कशाबद्दल गं दिलं?" आईने विचारलं होतं. "कामाबद्दल," ती म्हणाली होती. पुढे आईचा पलंग नेमका त्याच भिंतीशी आला.

तिने गुलाबी कागद उलटा केला आणि कामाला लागली.

पहिल्या दोन भागांची माहिती तासाभरात जमली. तिसऱ्यासाठी तिने कार्यालयांच्या नोंदवह्या आठवून पाहिल्या. मंजूर, नामंजूर, निकाली. निकालीपुढे कारण लिहायला जागाच नव्हती. तिनेच ठेवली नव्हती. तरी तिने शहराच्या पूर्व भागातल्या कार्यालयात फोन लावला. तिथला नोंदणी कारकून जुना आणि बोलघेवडा होता.

"ताई, तुमच्या आईंचं ऐकून वाईट वाटलं हो. आई म्हणजे आई."

"हो. एक विचारायचं होतं. निकालीत जे आहेत त्यांतले वारलेले किती, असं काही कळेल?"

"अधिकृत नाही कळायचं. रकानाच नाही."

"आणि अनधिकृत?"

त्याने आवाज खाली आणला. "त्याचं काय आहे ताई, मागे एकदा आमची सिस्टर एका घरी गेली. नंबर लागला म्हणून खुशीत, पिशवी घेऊन. तर त्या माणसाला जाऊन दीड महिना झालेला. त्यांच्या मुलाने तिला अस्सं फैलावर घेतलं की बिचारी जिन्यातच रडत बसली. तेव्हापासून आम्ही काय करतो, वारल्याचं कळलं की नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारतो. सिस्टरला चुकून पाठवायला नको म्हणून. सगळीच कार्यालयं करतात. पण पेन्सिलीत हां, शाईत नाही. तपासणी आली की खोडता येते."

"खोडलीत का?"

"तपासणी कुठे येतेय!"

"मग मोजा. गेल्या तीन वर्षांच्या फुल्या."

"आत्ता?"

"मी धरते फोन."

पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता, शाळेतल्या मुलासारखा. चौदा, पंधरा, सोळा. मधेच थांबला.

"ताई, इथे... इथे तुमचं आडनाव आहे."

"मोजलंत का ते?"

"नाही अजून."

"मोजा. पुढे चला."

त्या एका कार्यालयाच्या एकवीस फुल्या निघाल्या. पुढच्या चार दिवसांत तिने उरलेल्या बावीस कार्यालयांना फोन केले. काहींनी लगेच सांगितलं, काहींनी 'लेखी मागवा' म्हटलं, एकाने 'कशाला बाई मढी उकरताय' असं विचारलं. शेवटी तेवीसपैकी एकोणीस कार्यालयांचे आकडे हाती आले. बेरीज चारशे बारा झाली. तिने ती तीनदा केली.

मसुद्यात तिने लिहिलं: '(३) होय, हे खरे आहे. (४) उपलब्ध नोंदींनुसार ४१२.'

उपसचिवांनी तिला आत बोलावलं तेव्हा मसुदा त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. माणूस वाईट नव्हता. आई गेली त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला होता, बाहेर पायरीवर तीन तास बसून राहिला होता.

"ह्या नोंदी कसल्या?" त्यांनी विचारलं.

"पेन्सिलीच्या, सर."

"पेन्सिलीच्या नोंदीवर मंत्र्यांना सभागृहात उभं करायचं?"

"खऱ्या आहेत."

"मी खोट्या म्हणतच नाही. पण चार कार्यालयांनी दिलेल्या नाहीत, सही कुणाची नाही, रकाना नाही. उद्या कुणी वही मागवली आणि कुठल्या शहाण्याने फुल्या खोडून ठेवल्या असल्या तर? मंत्र्यांनी सभागृहाची दिशाभूल केली असं होईल." त्यांनी मसुदा तिच्याकडे सरकवला. "तिसऱ्याला आपण नेहमी काय लिहितो?"

तिला ठाऊक होतं. तिनेच त्यांना शिकवलं होतं. "अशी माहिती स्वतंत्रपणे ठेवण्यात येत नाही."

"आणि चौथ्याला?"

"प्रश्न उद्भवत नाही."

"हं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "हे बघा, हा प्रश्न मी दुसऱ्या कुणाकडे देतो. तुम्ही थोडी रजा घ्या. तुमचं दुःख मला दिसतंय. पण उत्तरात दुःख नसतं हो, मॅडम."

"दुसऱ्या कुणाकडे दिलात तर हा आकडा कुठेच राहणार नाही."

त्यांनी मसुदा परत स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "पूरक टिपणात घाला."

पूरक टिपण म्हणजे तिच्या हातचा खरा मासला. छापील उत्तरानंतर सदस्य काय काय विचारू शकतील ह्याचा अंदाज बांधून एकेक संभाव्य प्रश्न लिहायचा आणि खाली त्याचं उत्तर. हे टिपण फक्त मंत्र्यांच्या हातात जातं, बाहेर फुटलं तर नोकरीवर येतं. सदस्याच्या मनात काय येईल हे सदस्याच्या आधी तिला कळतं, अशी तिची ख्याती होती.

"विचारलं तर सांगायचं," उपसचिव म्हणाले. "सभागृहात खोटं बोलायचं नाही, हे माझंही आहे. पण न विचारलेलं सांगायचं नाही. मान्य?"

तिने मान हलवली. संभाव्य प्रश्न दहा झाले. नववा असा होता: 'निकाली काढलेल्या प्रकरणांपैकी किती अर्जदार मृत आहेत?' उत्तराच्या जागी तिने तो आकडा लिहिला आणि मनाशी म्हटलं, मास्तर गणिताचे आहेत. विचारतील.

प्रश्न सभागृहात यायचा होता त्या दिवशी ती अधिकाऱ्यांच्या बाकावर उपसचिवांशेजारी बसली. तो बाक सभागृहाच्या एका कडेला, लाकडी कठड्यामागे असतो. तिथून बोलायचं नसतं, फक्त चिठ्ठ्या पाठवायच्या असतात. मास्तरांचा प्रश्न यादीत सहावा होता. तासाभरात चार-पाच प्रश्नच होतात, म्हणून मंत्री निवांत होते. पण आधीच्या दोन प्रश्नांचे सदस्य गैरहजर निघाले आणि अकरा मिनिटं उरली असताना सहावा पुकारला गेला.

मंत्र्यांनी छापील उत्तर वाचलं. मास्तर उठले.

"अध्यक्ष महोदय, निम्मी पदं रिक्त आहेत हे मंत्री मान्य करतात. ती कधी भरणार? तारीख सांगावी."

टिपणातला पहिला प्रश्न. मंत्र्यांनी पहिलं पान वाचलं. प्रक्रिया सुरू आहे.

मागच्या बाकावरचे एक सदस्य उठले. त्यांच्या गावच्या कार्यालयाला छप्पर नव्हतं. तिसरा प्रश्न. मग एक तरुण सदस्या उठल्या. "परिचारिका नाहीत, पण गाड्या नव्या आल्या, आणि त्या गाड्यांवर मंत्र्यांचा फोटो आहे. रुग्णांनी फोटोकडून मलमपट्टी करून घ्यायची का?" सगळं सभागृह हसलं. मंत्रीही हसले. "माझा चेहरा बघून काहींना बरं वाटतं," ते म्हणाले, आणि आणखी हशा झाला. हा प्रश्न टिपणात नव्हता. तो कुणाच्याच कामाचा नव्हता, पण त्याने दोन मिनिटं खाल्ली.

तिने घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं.

मास्तर पुन्हा उठले. ह्या वेळी त्यांच्या हातात छापील उत्तर होतं आणि त्यांचं बोट तिसऱ्या भागावर होतं. ते तिला इतक्या लांबूनही दिसलं.

"अध्यक्ष महोदय, 'अशी माहिती ठेवण्यात येत नाही' म्हणजे काय? माणसं मरतात आणि सरकार मोजत नाही? का मोजत नाही, हे सांगावं."

'का' नको, तिने मनातल्या मनात म्हटलं. 'किती' विचारा. निकालीत बघा. निकालीत किती, एवढंच विचारा.

मंत्र्यांनी टिपणाची पानं चाळली. 'का' हा आठवा होता. "सन्माननीय सदस्यांची सूचना चांगली आहे," त्यांनी वाचलं. "ती तपासून पाहण्यात येईल."

"तपासून पाहण्यात येईल!" मास्तरांचा आवाज चढला. "आम्ही काय गृहपाठ तपासायला दिलाय?" बाकांवर थापा पडल्या, दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला, अध्यक्षांनी घंटा वाजवली. घंटा वाजत असतानाच घड्याळाचा काटा सरकला. प्रश्नांचा तास संपला.

मंत्र्यांनी टिपण मिटलं. शेवटचं पान उघडलंच गेलं नव्हतं. बाहेर जाताना ते कठड्यापाशी क्षणभर थांबले. "टिपण फार उत्तम, ताई. कुठे अडलं नाही." उपसचिवांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि तिच्याकडे पाहून तो अर्ध्यातच थांबवला.

घरी भाऊ आईच्या पलंगाच्या कडेवर बसला होता. पलंग अजून हलवला नव्हता. त्याने सगळं फोनवर पाहिलं होतं.

"फोटोवाला विनोद जमला," तो म्हणाला.

"हो."

"तू म्हणाली होतीस आकडा आहे म्हणून."

"होता. नवव्या प्रश्नाला."

"मग?"

"आठव्यापर्यंतच आले."

भाऊ हसला नाही, चिडलाही नाही. त्याचे काळे पडलेले हात त्याने मांडीवर उलटे-सुलटे केले. "म्हणजे तू उत्तर लिहून बसलीस आणि त्यांना विचारताच आलं नाही."

"मला बोलता येत नाही तिथून."

"कुठून येतं?"

ती चौकटीतल्या प्रशस्तिपत्राकडे बघत होती. त्याने तिची नजर पकडली. "उतरवू का ते?" त्याने विचारलं. "आईला फार कौतुक होतं, म्हणून ठेवलंय. जखम धुताना सांगायची मला, बघ म्हणे, सरकारने शिक्का मारून दिलंय."

"तुला ठाऊक आहे ते कशाबद्दल आहे?"

"कामाबद्दल."

मग तिने त्याला सांगितलं. रकाना, परिपत्रक, छापील पत्राचा नमुना, सगळं, क्रमाने, मसुदा वाचून दाखवावा तसं. तो ऐकत राहिला. मग उठला, चौकट खिळ्यावरून काढली आणि तिच्या हातात दिली.

"आईला सांगितलं होतंस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला, आणि तोंड धुवायला मोरीत गेला. नळ कितीतरी वेळ चालू होता.

तिसऱ्या दिवशी, पत्रातल्या तीस दिवसांतले दोन उरले असताना, तिने रजेचा अर्ज टाकला आणि सकाळी नऊला मास्तरांच्या भेटीच्या खोलीत जाऊन बसली. एका दुकानावरची लांबोडकी खोली, भिंतीला बाक, बाकावर अकरा माणसं. कुणाची पाण्याची तक्रार, कुणाची बदली. दारातल्या बाईने वही पुढे केली. नाव, पत्ता, काम. काम ह्या रकान्यात काय लिहावं ह्याचा तिने विचार केला. शेजारच्या आजोबांनी डोकावून सल्ला दिला, "थोडक्यात लिहा. लांबलचक लिहिलं की नंबर मागे जातो." तिने लिहिलं: आईचा अर्ज.

मास्तरांनी तिला आत येताना पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही तर कठड्यापलीकडे बसता."

"आज रजेवर आहे."

"काही निरोप आहे का मंत्र्यांचा?"

"नाही. मी अर्जदाराची मुलगी म्हणून आलेय."

तिने दोनच कागद टेबलावर ठेवले. अर्जाची पावती आणि निकालीचं पत्र. टिपण तिने आणलं नव्हतं, आणि आणणारही नव्हती. हे दोन कागद आईच्या नावावर घरी आलेले होते, ते कुणालाही दाखवायचा तिला हक्क होता. मास्तरांनी ते वाचले. पत्रावरची तारीख पाहिली.

"आई कधी गेल्या?"

"पत्राच्या एकोणीस दिवस आधी."

ते गणिताचे होते. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी पत्र पुन्हा उचललं, 'निकाली' ह्या शब्दावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "म्हणजे ते सगळे इथे आहेत," ते म्हणाले. "इथे लपवलेत! अहो, हे जबरदस्त आहे."

निकालीचा तोडगा हाती लागल्यावर उपसचिवांच्या डोळ्यांत सहा वर्षांपूर्वी अशीच चमक आली होती. तिच्याही आली असणार.

मास्तरांनी पॅड ओढलं आणि लिहायला लागले. 'निकाली काढलेल्या प्रकरणांत मृत अर्जदारांचा समावेश आहे, हे खरे आहे काय, असल्यास...'

"असं नका विचारू," ती म्हणाली.

"का?"

"'खरे आहे काय' विचारलंत की 'नाही' म्हणता येतं. 'असल्यास' लिहिलंत तर एक दार बंद केलं की पुढची सगळी बंद होतात. मी चौदा वर्षं तेच करतेय. नुसतं विचारा, गेल्या तीन वर्षांत निकाली काढलेल्या प्रत्येक प्रकरणाचं कारण काय, कार्यालयवार. आणि मूळ नोंदवह्या पटलावर ठेवायला सांगा. जशा आहेत तशा."

"जशा आहेत तशा," मास्तरांनी लिहून घेतलं. ह्यापलीकडे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही फुल्यांबद्दल सांगितलं नाही. लिहिता लिहिता ते म्हणाले, "हा रकाना कुठल्या महाभागाच्या डोक्यातून निघाला, ते एकदा कळायला हवं."

"माझ्या."

पेन थांबलं. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मास्तरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, वर्गात चोरी करणारं मूल स्वतःहून उभं राहिलं तर बघावं तसं.

"आईचं नाव घेऊन विचारावं लागेल मला," ते शेवटी म्हणाले. आवाज आता उतरला होता. "आकड्यांनी सभागृह हलत नाही, ताई. परवा पाहिलंत ना? फोटोवर हसले. एक नाव लागतं, एक घर लागतं."

"आईचं नको."

"त्यांच्याइतकं दुसरं..."

"तिने रांग मोडली नाही. आता तिला सगळ्यांच्या पुढे उभं करायचं नाही." तिने पत्रावरच्या आईच्या नावावर तळहात ठेवला. "नावच हवं असेल तर माझं घ्या. रकाना करणारीचं. घरही तेच आहे."

"कळतंय ना तुम्ही काय म्हणताय? चौकशी लागेल."

"लागेल."

"आणि हा प्रश्न खात्यात गेल्यावर उत्तर कोण लिहिणार?"

"मीच," ती म्हणाली. "तोवर ठेवलं तर."

मास्तरांनी तिचं नाव विचारलं. चौदा वर्षं ती त्यांच्या समोरच्या कठड्यामागे बसत होती, आणि तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. तिने सांगितलं, त्यांनी ते पॅडवर लिहिलं, आणि तिने वाकून पाहिलं. शाईत होतं.

पावती तिने परत मागून घेतली. पत्र त्यांच्याकडे राहू दिलं. बाहेर बाकावरचे आजोबा तिची वाटच बघत होते. "झालं का काम?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "नोंदवून घेतलंय."